ब्रेड कोणासाठी?

आमच्या आळीत ब्रेड फक्त आजारी माणसासाठी आणतात, हे मला कोणी कधी शिकवलं नाही. ते सगळ्यांना माहीतच असे. लादीपावाची गोष्ट वेगळी. तो मिसळीबरोबर बाजारात खायचा, वड्याबरोबर स्टँडवर खायचा, त्याचा आणि प्रकृतीचा काही संबंध नाही. पण कागदात गुंडाळलेला, चकत्या कापलेला ब्रेड कोणाच्या पिशवीतून डोकावला, की त्या घरात कोणीतरी अंथरुणाला खिळलंय असं समजायचं. टायफॉईड, कावीळ, नाहीतर ऑपरेशन. दुधात कुस्करून चमच्याने भरवायची वस्तू ती. मला तो भिजका ब्रेड लहानपणी इतका आवडायचा की मी तापाची वाट बघत असे. पण प्रकृती अशी दणकट, की तो योग वर्षानुवर्षं येत नसे, आणि शाळेतल्या रडक्या, किडकिडीत मुलींचा मला हेवा वाटे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही हकीकत. मी पदवी घेऊन रत्नागिरीतल्याच एका पतपेढीत कारकून झाले होते. बाबा कचेरीतून निवृत्त झाले होते आणि रोज सकाळी भाट्याच्या पुळणीवर फेरी मारून येत. माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये होता. कित्येक महिने तो समुद्रावर असे, आणि मग रजेवर येऊन आमच्या शांत घरात इंजिन चालू करून देई. येताना तो साबण, चॉकलेटं, एखादं घड्याळ आणायचा. त्या खेपेला मात्र तो डोक्यात एक सँडविच घेऊन आला.

त्यांचं जहाज व्हिएतनामच्या कुठल्याशा बंदरात बरेच दिवस अडकलं होतं. बंदराबाहेर फुटपाथवर एक बाई गाडी लावायची. वीतभर लांब पाव निखाऱ्यावर धरायचा, पोटात सुरी घालून उघडायचा, आत कसलासा मऊ लगदा फासायचा, मांसाच्या चकत्या, काकडी, आंबट गाजर-मुळ्याच्या काड्या, मूठभर कोथिंबीर आणि हिरव्या मिरच्या भरायच्या आणि वर एक तपकिरी पाणी शिंपडायचं. दादा हे सगळं हातांनी हवेत करून दाखवत होता.

"तिकडचं युद्ध संपलं वाटतं," बाबा वर्तमानपत्रातून म्हणाले.

"कधीच संपलं, बाबा."

"मांस कसलं?" आईने विचारलं.

"डुकराचं."

"ते बोटीवरच विसरून यायचं होतंस. आणि ते पाणी?"

"मासळी खारवून काढतात त्याचं."

आई मासे खाणाऱ्या घरातली, मासे खाणाऱ्या घरात दिलेली. तरी तिने नाकाला पदर लावला. "मासळीच्या टोपलीखाली गळतं ते पाणी? ते पैसे देऊन खातात?"

"आई, डुक्कर सोड, पाणी सोड," दादा कळवळून म्हणाला. "खरी मजा त्यांत नाहीच. ती आवाजात आहे. पाव चावला की आवाज झाला पाहिजे आणि शर्टावर भुगा पडला पाहिजे."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात व्हिएतनाम सुरू झालं. पतपेढीतून सुटले की वाटेवरच्या बेकरीतून ब्रेड आणणं हे काम माझ्याकडे आलं, कारण बेकरी माझ्या वाटेवर होती आणि मला दादाइतकीच खाज होती. गाजर-मुळा व्हिनेगरमध्ये मुरवायचा असतो. व्हिनेगर कोणी आणायचं, म्हणून आईने कोकमाचं आगळ दिलं. काड्या लालभडक झाल्या, पण चव अशी उतरली की भरायच्या आधीच आम्ही निम्म्या संपवल्या. डुकराच्या जागी सुक्या जवळ्याची चटणी आली. एका रविवारी आदल्या दिवशीची फणसाची भाजी घालून बघितली, तर ब्रेड खालून ओला होऊन भाजी दादाच्या मांडीवर पडली. वालाच्या बिरड्याने तेच केलं, फक्त जास्त गरम होतं.

मग मेयोनीज. अंड्याच्या बलकात थेंब थेंब तेल घालत घोटायचं, असं दादाला जहाजावरच्या खानसाम्याने सांगितलं होतं. आईने ताकाची रवी द्यायला साफ नकार दिला. "माझ्या रवीला अंडं लागलं तर तू आणि रवी दोघंही विहिरीपलीकडे." दादाने पळीने घोटलं. हात भरून आला तसा त्याने तेलाचा थेंब सोडून धार धरली, आणि सगळं फाटलं. बाबांनी वाटीत डोकावून बघितलं आणि हे ताक कोणाचं बिघडलं म्हणून विचारलं.

बाबांचं सँडविच खाणं हा एक सोहळाच होता. त्यांना जेवणाचं पान नीट वाढलेलं लागतं. समोर सँडविच आलं की ते ते उघडत. चटणी बोटाने काढून ताटात डाव्या बाजूला, काकडी कोशिंबिरीच्या जागी, बांगडा उजवीकडे, आणि ब्रेडच्या दोन चकत्या मधोमध, पोळीच्या जागी. मग पोळीसारखे तुकडे मोडून शांतपणे जेवत आणि म्हणत, "चांगलं आहे रे तुझं व्हिएतनाम." दादाला रडू यायचं बाकी राही.

बांगडा मात्र जमला. तळलेल्या बांगड्याचे काटे काढायचे, तव्यावर भाजलेल्या ब्रेडवर जवळ्याची चटणी, वर बांगडा, आगळातल्या काड्या, कोथिंबीर आणि उभी चिरलेली मिरची. पहिला घास घेतला तेव्हा मी दादाला म्हटलं, तुझी ती गाडीवरची बाई इथे असती तर तिने दुकान बंद केलं असतं. दादा म्हणाला, "चव आली गो, पण आवाज नाही आला." आणि तो उठून बेकरीकडे गेला.

बेकरीवाले चाचा तरुणपणी कुवेतला भट्टीवर होते. दादाने हवेत पाव काढून दाखवल्यावर ते म्हणाले, हा तर समून, आम्ही रोज पोती पोती भाजत होतो. त्यांनी आमच्यासाठी म्हणून रोज थोडे लांब, कडक पाव काढायला सुरुवात केली. मी संध्याकाळी ते वर्तमानपत्रात गुंडाळून, दोन्ही टोकं बाहेर, छातीशी धरून आळीतून घरी आणायची. चावला की आवाज होत होता. शर्टावर भुगा पडत होता. दादा शर्ट झटकायचाच नाही, तसाच बसायचा.

आळी हे सगळं बघत होती.

शेजारच्या काकू पहिल्या आल्या. आमचा आणि त्यांचा एकच गडगा, त्यावरून वाट्या इकडच्या तिकडे जात. त्या शहाळं घेऊन आल्या, ते ओटीवर ठेवलं, आणि आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "कसं आहे गो आता?"

"कोणाचं?" मी विचारलं.

"असू दे. सांगू नको हो," म्हणून त्या डोळ्याला पदर लावत गेल्या.

आमच्याकडे दुखण्याची चौकशी करायची एक रीत आहे. कोणाला काय झालंय असं विचारायचं नाही. घरच्यांना वाटलं तर ते सांगतील. आपण शहाळं ठेवायचं, मोसंबी ठेवायची, मऊ भात आणायचा आणि निघायचं. आणि घरच्यांनी "छे, कोणी आजारी नाही" असं सांगितलं, तर दुखणं मोठं आहे असं धरायचं. त्यामुळे आई जितकी जोरात नाही म्हणाली, तितकी शहाळी वाढली. लांब पाव यायला लागल्यावर तर अशी बातमी झाली की दादाने जहाजावरून काहीतरी परदेशी उपचार आणलाय आणि चाचा तो खास भाजून देतात. चाचांनाही तसंच वाटत होतं. एकदा पाव बांधताना ते मला म्हणाले, "कडक पाव चावता येतो ना? मग दात शाबूत हायत. अल्ला शिफा देईल, बरं करील गो पोरी, तू घाबरू नको."

बाबांना जास्त त्रास झाला. ते निवृत्त, केस पिकलेले, म्हणून पेशंट तेच असणार असा बहुतेकांचा अंदाज. पुळणीवरच्या फेरीत त्यांना लोक वाट देऊ लागले. कोणी हात धरून वाळूतून रस्त्यावर चढवलं. बाबांनी हात झटकला, तर त्या माणसाने बरोबरच्याला हळूच सांगितलं, "चिडचिड वाढते यात."

यावर आम्ही घरात पोट धरून हसत होतो. हसायला तेव्हा काही हरकत नव्हती. मग माझ्यासाठी स्थळ आलं.

स्थळ शेजारच्या काकूंनीच आणलं. त्यांचं माहेर दाभोळचं. मुलगा तिथल्या शाळेत गणित शिकवायचा. "घर चांगलं आहे. आई कर्तबगार आहे. वडील घरीच असतात, बाहेर फारसे पडत नाहीत," असं काकूंनी सांगितलं, आणि आमच्या बाबांसारखे निवृत्त असतील, असं आम्ही धरलं. मुलगा आणि त्याची आई मला बघायला आली. आईने पोहे केले, आणि पाहुण्यांशी बोलण्याच्या नादात ते खाली लागले. करपल्याचा वास ओटीपर्यंत आला. आईने वरचे वरचे पोहे काढून बशा भरल्या आणि चेहरा असा ठेवला की वास शेजारून येतोय. मुलाने बशी संपवली, इकडेतिकडे बघितलं आणि लाजत विचारलं, "खाली लागलेले आहेत का थोडे?"

त्याची आई म्हणाली, "अरे!" माझी आई म्हणाली, "अय्या!" मी कढई उचलून आणली. उलथन्याने खरवडून त्याला वाढलं आणि राहिलेलं मी उभ्याउभ्याच खाल्लं. तो हसला तेव्हा त्याचे कान लाल झाले. त्या क्षणी मी ठरवलं की लग्न करायचं तर याच्याशी. आधीच्या स्थळांत एकाने मला ओव्या म्हणायला लावल्या होत्या आणि एकाने रांगोळी किती वेळात काढते ते विचारलं होतं. मी काही लपवणारी नाही. रात्री जेवताना मी सरळ सांगितलं, "मला पसंत आहे." बाबांना ठसका लागला.

मग दाभोळहून काही कळेचना. आठवडे गेले. काकूंना विचारलं तर त्या तुळशीकडे बघत बोलायच्या. मी पतपेढीत बेरजा चुकवू लागले. घरी आलं की दादा माझ्यापुढे सँडविच ठेवायचा आणि मी ते बाबांसारखं उघडून बघत बसायची. शेवटी आईने एका सकाळी काकूंना गडग्याशी गाठलं आणि खरं काय ते सांगा म्हणाली.

"मी त्यांना सांगितलंय हो," काकू म्हणाल्या आणि रडू लागल्या. "तुमच्या घरात दुखणं आहे ते. मध्यस्थी केली म्हणजे लपवून कसं चालेल? तुम्ही तर कोणालाच सांगत नाही."

"कोणाचं दुखणं?"

"मी कशी विचारणार? त्यांनीही विचारलं. मी म्हटलं, बिचारे हसूनखेळून असतात, पण रोज संध्याकाळी मुलगी पाव नेते. आता मुलगी स्वतःच नेते म्हणजे..." आणि त्या आईमागे उभ्या असलेल्या माझ्याकडे बघून थांबल्या.

म्हणजे दाभोळला पेशंट मीसुद्धा असू शकत होते. कढईभर करपलेले पोहे उभ्याने खाणारी मी.

आईचा त्या दिवशीचा आवाज मी विसरणार नाही. काकूंना ती काही बोलली नाही, कारण काकू तिच्याहून जास्त रडत होत्या. तिने सगळा राग दाभोळवर काढला. "आणि असलं समजा घरात एखादं आजारी, तर काय झालं? मुलगी टाकून द्यायची? आजारपण काय कोणी हौसेने आणतं? माणसं आहेत की कोण आहेत!" हे तिने दिवसभर, भांडी घासताना, कपडे वाळत घालताना आणि फोडणी देताना, वेगवेगळ्या चालींवर म्हटलं. संध्याकाळी तिने ब्रेड बंद केला. लांब, आखूड, कडक, नरम, कुठलाच पाव या घरात यायचा नाही. 

ब्रेड बंद झाल्याने मात्र प्रकरण वाढलं. चाचा सायकलवरून स्वतः आले. फाटकाशी उतरले, डोक्यावरची टोपी नीट केली आणि दादाला हळूच विचारलं, "पाव नको आता? सुटका झाली काय?"

"चाचा, कोणी गेलं नाही!"

"नाय ना? शुकर आहे. मग पाव का नको?" दादा त्यांना सगळं समजावत बसला. चाचांनी ते नीट ऐकून घेतलं आणि जाताना बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हिंमत ठेवा."

त्याच आठवड्यात काकू धापा टाकत आल्या. दाभोळची माणसं येत होती, मुलगा आणि आई. कशाला, ते त्यांनी निरोपात स्पष्ट सांगितलं होतं. समाचाराला. आजारी माणसाला बघायला.

घरात एकदम लढाईचं वातावरण आलं. नसलेला पेशंट नाही हे दाखवायचं कसं, असा प्रश्न होता. बाबा म्हणाले, आपण सगळे ठणठणीत दिसलो म्हणजे झालं. आई म्हणाली, दिसून भागणार नाही, त्यांना खोल्या दाखवाव्या लागतील, नाहीतर कोपऱ्यात कोणाला लपवलंय म्हणतील. दादा म्हणाला, आणि पाव कशाला आणत होतो ते त्यांना खायला घालून दाखवायचं. यावर पावबंदी एका दिवसापुरती उठली.  मला तो मुलगा हवा होता आणि माझी सगळी भिस्त बांगड्यावर होती.

ते दुपारी आले. पहाटे निघून, खाडी ओलांडून, पुढे एसटी बदलत. मुलाच्या आईच्या हातात मोसंब्यांची जाळी आणि काखेत शहाळं होतं. ओटीवर बसल्यावर त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि आतल्या दाराकडे बघितलं. "झोपलेत का?" त्यांनी हळू विचारलं.

"कोणी झोपलेलं नाही," आई मोठ्याने म्हणाली. "आमच्याकडे दिवसा कोणी झोपतच नाही."

तेवढ्यात बाबा विहिरीवरून भरलेली कळशी खांद्यावर घेऊन ओटीसमोरून गेले. जाताना नमस्कार केला. थोड्या वेळाने दुसरी कळशी घेऊन गेले. घरात नळ होता आणि टाकी काठोकाठ भरलेली होती. बाबा ते पाणी मागच्या केळीला घालून पुन्हा पुढून येत होते. पुढच्या कळशीला मुलगा उठला आणि म्हणाला, "मी धरू का?" बाबा म्हणाले, "छे छे, मला सवय आहे," आणि तोंड लाल झालेलं दिसू नये म्हणून वळून चालू लागले.

मग आईने घर दाखवायला घेतलं. "हे माजघर. इथे कोणी नाही. ही देवाची खोली. इथे देव आहेत. ही कोठीची खोली, दार उघडून बघा, तांदूळ आहेत. ही हिची खोली, हिला साधी सर्दीसुद्धा होत नाही." दादा मध्येच आला आणि कारण नसताना पाटा-वरवंटा उचलून परसात ठेवून आला. मला आईने सांगून ठेवलं होतं की तू नुसती खाऊन दाखव, तेवढ्यात सगळं येईल.

मी मुलाच्या आईकडे बघत होते. एकेक खोली रिकामी निघत होती आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. मला वाटलं, बाई दमल्या असतील. मग वाटलं, यांचा अजूनही विश्वास बसत नाही. आमच्या आईला तर ते दिसतच नव्हतं. तिने त्यांना न्हाणीघरसुद्धा दाखवलं.

ओटीवर परत बसल्यावर दादाने सँडविचं आणली. लांब पाव, आत बांगडा, आगळातल्या काड्या, सगळं. "हे बघा," आई म्हणाली, "हा तो ब्रेड. हा मुलगा व्हिएतनामहून शिकून आलाय आणि गावभर आमच्या नावाने दुखणं झालंय." मुलाने मोठा घास घेतला. आवाज झाला. शर्टावर भुगा पडला. दादाने माझ्याकडे असं बघितलं की लग्न ठरलंच. मुलगा तोंड भरलेलं असतानाच म्हणाला, "हे फारच छान आहे."

त्याच्या आईने सँडविच हातात धरलं होतं. "म्हणजे खरंच कोणी आजारी नाही?"

"कोणी नाही!" आई जिंकल्यासारखी म्हणाली.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. ते त्या अशा सुरात म्हणाल्या, जणू त्यांची शेवटची एसटी चुकली असावी. मुलगा खायचा थांबला आणि त्याने बशी खाली ठेवली.

"आमच्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "ह्यांना अर्धांगवायू झालाय. उजवं अंग गेलंय, बोलणं नीट उमटत नाही. अंथरुणावरच असतात. सगळं करावं लागतं. काकूंना वाटलं असेल की तुम्हाला ते माहीत आहे, किंवा त्यांना सांगवलं नसेल. आधीच्या घरांत आम्ही आधी सांगितलं, तर लोकांनी चहासुद्धा घाईने दिला. म्हणून तुमच्याकडे पहिल्या खेपेला सांगितलंच नाही, आणि नंतर कसं कळवावं ते सुचेना. मग काकूंनी तुमचं कळवलं. घरात दुखणं आहे, पण हसण्याचे आवाज रस्त्यापर्यंत येतात, असं म्हणाल्या. मला वाटलं, या घरात सांगायला लाज वाटणार नाही. म्हणून बघायला आले. तुम्हाला बरं नसावं असं नाही हो वाटत मला." आणि त्यांनी हातातलं सँडविच न खाता बशीत ठेवलं.

बाबा कळशी घेऊन पायरीशी आले होते. ते तसेच उभे राहिले. कळशीतलं पाणी त्यांच्या सदऱ्यावरून गळत होतं.

आई मला चहाच्या निमित्ताने आत घेऊन गेली. तिने गॅससुद्धा पेटवला नाही. "नको गो," ती कुजबुजली. "माणसं सोन्यासारखी आहेत, पण नको. जन्माचं आजारपण. तू तिथे जाऊन हेच करत बसशील. तुला कळत नाहीय अजून."

"आई, तू त्या दिवशी दिवसभर काय म्हणत होतीस?"

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं होतं?"

 तिचे डोळे भरून आले आणि ती तिरीमिरीने म्हणाली, "तेव्हा आपल्याकडे कोणी आजारी नव्हतं, म्हणून." हे बोलल्यावर ती स्वतःच दचकली आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. मला तिची दया आली आणि रागही आला. मला भीतीही वाटत होती, ती खोटी नव्हती. अंथरुणावरच्या माणसाचं काय काय करावं लागतं याची मला काहीच कल्पना नव्हती. आमच्या घरात तर नुसता ब्रेडच आजारी होता.

बाहेर त्यांची उठायची तयारी चालू झाली होती. परतीची एसटी गाठायची होती. मुलाच्या आईने मोसंबी तिथेच राहू दिली होती आणि चपला शोधत होत्या. मी दारात जाऊन विचारलं, "काकांना चावायला जमतं का?"

त्या थांबल्या. "डाव्या बाजूने. पण मऊ लागतं."

"बसा जरा," मी म्हटलं. "बांधून देते."

त्या माझ्यामागोमाग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आल्या. मी पाव घेतला आणि त्याची वरची सगळी कडक साल सुरीने काढू लागले. दादा शेजारी उभा होता. ज्या सालीसाठी त्याने कुवेतची भट्टी रत्नागिरीत पेटवून घेतली होती, ती साल पाटावर पडताना बघून त्याचा जीव खालीवर होत होता. नुसत्या मऊ गाभ्यावर मी चटणी फासली. बांगड्याचे काटे पुन्हा एकदा चाचपून काढले आणि तो कुस्करला. मग मिरच्या उचलून बाजूला ठेवल्या.

"मिरच्या कशाला काढतेस गो?" मुलाची आई उंबऱ्यातून म्हणाली. तोपर्यंत त्या मला अहो-जाहो करत होत्या. "तोंड वाकडं झालंय त्यांचं. जीभ आहे तशीच आहे. रोज मऊ भातावर माझ्याशी भांडतात."

त्यांच्या मागे उभ्या असलेल्या मुलाचे कान लाल झाले होते.

मी हसले. मिरच्या बारीक चिरून परत घातल्या. कागद शोधायला वळले, तर आई बाजूला येऊन उभी होती. तिने डोळे पुसले, माझ्या हातातलं सँडविच पुन्हा उघडलं आणि वर मूठभर कोथिंबीर घातली.